कोरडा पुठ्ठा

हरीभाऊ भोईर यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मला त्यांचे फक्त पाय दिसले. ते एका गाडीखाली झोपून काम करत होते. आमची कंपनी नुकतीच बंद पडली होती. तिथे मी अठरा वर्षं सुटे भाग मापून पास-नापास करत असे. चव्वेचाळिसाव्या वर्षी, प्रशस्तिपत्रांची फाइल काखेत धरून मी त्यांच्या गॅरेजच्या दारात उभा होतो. गाडीखालून आवाज आला, "कोन हाय?" मी नाव सांगितलं, फाइल आणल्याचंही सांगितलं. त्यांनी फाइल खाली ठेवू नका, काळी होईल, असं बजावलं आणि तेरा नंबरचा पाना मागितला. पाना तेलाने माखलेला होता. मी तो फडक्याने पुसून त्यांच्या हातात दिला. मग हरीभाऊ सरपटत बाहेर आले आणि माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "पाना पुसून देनारा मानूस या गॅरेजात पयलाच आला. उद्यापासून या." फाइल त्यांनी आजतागायत उघडलेली नाही.

त्यांच्या पंचाहत्तरीच्या निमित्ताने हा अंक निघत आहे आणि त्यात मी लिहावं, असा मंडळींचा आग्रह झाला. मला लिहिण्याची सवय नाही. कंपनीत तपासणीचे अहवाल लिहिले, तेवढंच. त्यामुळे जे पाहिलं तेवढंच लिहितो.

हरीभाऊंचं गाव पनवेलजवळच. घरची भातशेती होती, खाडीकडे मिठागरात वाटा होता. ते सोडून ते यंत्राच्या कामात कसे आले हे इतरांनी या अंकात लिहिलं आहेच. मी त्यांना ओळखतो ते गिअरबॉक्सचे जाणकार म्हणून. न्हावा शेव्याच्या रस्त्यावर रोज गाडी चालवणारी माणसं पहिला आवाज आला की त्यांच्याकडे येतात. गिऱ्हाईक आवाजाची नक्कल करून दाखवतं आणि हरीभाऊ डोळे मिटून ऐकतात. एका गृहस्थांनी तर चार प्रकारे घूं-घूं करून दाखवलं. हरीभाऊंनी त्यांना शांतपणे विचारलं, "यातला गाडीचा कंचा आनि तुमचा कंचा?"

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गिअरबॉक्समधून चाकांकडे दोन दांडे जातात, त्यांना आम्ही एक्सल म्हणतो. दांडा जिथे बाहेर पडतो तिथे तेल गळू नये म्हणून रबराची एक कडी बसवलेली असते. तिला सील म्हणतात. आत हे सगळं बेअरिंगवर फिरतं. सील गळू लागलं की बहुतेक ठिकाणी नवीन सील ठोकून गाडी देऊन टाकतात. हरीभाऊ तसं कधीच करत नाहीत. बेअरिंग झिजलं असेल तर दांडा डुगडुगतो आणि नव्या सीललाही महिन्याभरात खातो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते बॉक्स उतरवतात, बेअरिंग बदलतात, मूळच्यापेक्षा वरच्या प्रतीचं घालतात आणि सीलही दुहेरी ओठाचं, म्हणजे तेल अडवणाऱ्या दोन कडांचं, बसवतात. ज्यांना घाई असते त्यांना ते दुसऱ्या गॅरेजचा पत्ता देतात, तोही न रागावता.

बॉक्स उघडायचा तो धुतलेल्या पांढऱ्या चादरीवर. उघडा असेपर्यंत चहा आत येत नाही आणि चपला घालून कोणी आत येत नाही. एकदा त्यांचे व्याही भेटायला आले, तेही अर्धा तास बाहेर बाकावर बसून राहिले. नंतर जेवताना व्याह्यांनी, बेअरिंगइतका मान आम्हाला दिला असता तर बरं झालं असतं, असा टोमणा मारला. हरीभाऊ म्हणाले, व्याह्यांना पुसून घेता येतं, बेअरिंगला येत नाही.

त्यांचा सर्वांत मोठा नियम पुठ्ठ्याचा. काम झालं की गाडी कोन गावापर्यंत न्यायची आणि परत आणायची. मग गाडीखाली कोरा पुठ्ठा अंथरायचा आणि गाडी तशीच ठेवायची. सकाळी हरीभाऊ स्वतः वाकून पुठ्ठा ओढतात. तेलाचा एक ठिपकाही नसेल तरच किल्ली गिऱ्हाईकाच्या हातात. मंत्र्याची गाडी असली तरी हा नियम बदलत नाही, असं ते म्हणतात. मंत्र्याची गाडी आमच्याकडे अजून आलेली नाही, हा भाग वेगळा.

या नियमातच मी माझी पहिली मोठी चूक केली. गॅरेजमध्ये येऊन मला सहा महिने झाले होते. हरीभाऊ नात्यातल्या लग्नाला उरणला गेले होते. एका व्यापाऱ्यांच्या गाडीची दोन्ही सीलं मी बसवली. डावं आणि उजवं सील दिसायला सारखंच. पण त्यांच्या ओठांवर बारीक तिरप्या रेघा असतात. दांडा ज्या दिशेने फिरतो त्याप्रमाणे त्या तेल आत ढकलतात. मी डावं उजवीकडे बसवलं आणि उजवं डावीकडे. शिवाय घाईमुळे गाडी कोनला नेली नाही. सरळ पुठ्ठा अंथरला. सकाळी पुठ्ठा स्वच्छ कोरडा. मी अभिमानाने किल्ली दिली.

तिसऱ्या दिवशी व्यापारी परत आले, तोवर हरीभाऊही उरणहून परतले होते. त्यांच्या नव्या फरशीवर तेलाचं थारोळं झालं होतं. माणसं जमली. मी पुढे होऊन काही बोलणार तोच हरीभाऊंनी मला हाताने मागे सारलं आणि सर्वांसमोर सांगितलं, "चूक गॅरेजची हाय. गाडी ठेवून जा." व्यापारी गेल्यावर ते बाकावर बसले. मला वाटलं, आता फाइल घेऊन पुन्हा दारोदार.

"पुठ्ठा कोरडा व्हता?" त्यांनी विचारलं.

"होता."

"गाडी कोनला नेली व्हती?"

"नाही."

"मंग पुठ्ठ्यानं काय सांगायचं? जे फिरलंच नाय ते गळंल कसं?"

एवढंच बोलले. मग तीच गाडी त्यांनी मला पुन्हा उघडायला लावली आणि मी सीलांची अदलाबदल करत असताना शेजारी बसून लग्नातल्या जेवणाचं वर्णन करत राहिले. तेव्हापासून आजपर्यंत या चुकीची आठवण त्यांनी मला चारचौघांत एकदाही करून दिलेली नाही. ती मीच इथे पहिल्यांदा सांगतो आहे.

ते मला 'इन्स्पेक्टर' म्हणतात. त्याचं कारण माझा मायक्रोमीटर. बेअरिंगमागे पातळ चकत्या घालून दाब जुळवावा लागतो. हरीभाऊ ती चकती बोटांनी निवडतात, मी मापून. सुरुवातीला ते हसायचे. एकदा त्यांच्या बोटाचा आणि माझ्या मापाचा मेळ बसला नाही. त्यांनी स्वतःची चकती घालून बॉक्स बंद केला. तासाभराने, कोणी काही बोललेलं नसताना, पुन्हा उघडला. हाताने दांडा फिरवून पाहिला आणि माझी चकती मागितली. त्यांनी साठी ओलांडली होती आणि या कामात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. त्या दिवसापासून प्रत्येक बॉक्सला ते विचारतात, "इन्स्पेक्टर, तुमचं यंत्र काय बोलतं?" माप खडूने भिंतीवर लिहून मगच पुढे जातात.

आता जे लिहायचं आहे ते थोडं खासगी आहे. पण त्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

माझी पत्नी सुनंदा उरणच्या बाजूच्या एका गावात शिक्षिका होती. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी ती गाडी चालवायला शिकली. आम्ही एक जुनी छोटी गाडी घेतली, तीही हरीभाऊंनीच पारखून दिलेली. खांदा कॉलनीतून शाळेपर्यंत ती कंटेनरच्या गर्दीतून एकटी जायची आणि किती ट्रेलर मागे टाकले ते संध्याकाळी मला सांगायची. हरीभाऊ तिला वयनी म्हणत. ती गॅरेजवर आली की आमच्याकडे नवीन ड्रायव्हर ठेवायचा आहे, अर्ज करता का, असं विचारत. ती म्हणायची, आधी तुमचं गॅरेज झाडून घ्या, मग विचार करते. आणि पुढच्या खेपेला खरोखर झाडलेलं असायचं.

सुनंदा दीड वर्षापूर्वी गेली. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. त्यानंतर मी गॅरेजवर जाणं बंद केलं. हरीभाऊंनी मला बोलावलं नाही, समजावलं नाही. दर रविवारी ते घरी येत, गाडीची किल्ली मागून घेत, खाली जाऊन इंजिन दहा मिनिटं चालू ठेवत, गाडी थोडी पुढे घेत, थोडी मागे घेत आणि किल्ली परत देऊन जात. उभ्या राहिलेल्या गाडीची सीलं सुकतात, एवढंच त्यांनी कारण सांगितलं. चहा घेत. बाकी बोलणं मिरच्यांचं, मिठागराचं, इमारतीच्या लिफ्टचं.

तीन महिन्यांनी गाडीखाली तेलाचा डाग दिसू लागला. पुण्याहून मुलाने गाडी विकून टाका म्हटलं. मीही हो म्हटलं. खाली उभी असलेली ती गाडी मला बघवत नव्हती. एक जण शनिवारी न्यायला येणार होता. हे कळल्यावर हरीभाऊ सोमवारी सकाळीच आले. मला वाटलं, विकू नका म्हणतील. ते म्हणाले, "इकायची तर इका. पन गळकी नाय इकायची. आपल्या गॅरेजचं नाव हाय." मी म्हटलं, तुम्हीच करून टाका. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "डाक्टरनं पुलर वढायला बंदी केलीय. मी बसून राहीन. तुमी करा."

डॉक्टरांची बंदी खरी होती की नाही, ते मी अजून विचारलेलं नाही. पुढच्याच आठवड्यात मी त्यांना बेअरिंग उपसून काढायचा तो पुलर ओढताना पाहिलं.

मंगळवारी गॅरेजमध्ये पांढरी चादर अंथरली. बॉक्स उघडला, बेअरिंग काढून हातात फिरवलं. त्याच्या कडीवर खड्डे पडले होते. ते पाहून मी तिथेच थांबलो. शेवटच्या वर्षी सुनंदा मला दोनतीनदा म्हणाली होती की गाडी काहीतरी गुणगुणते. मी टायरचा आवाज आहे म्हणून सोडून दिलं होतं. दिवसभर लोकांचे आवाज ऐकणारा मी, आणि घरचा ऐकला नाही. हे मी हरीभाऊंना सांगितलं. त्यांनी ते बेअरिंग माझ्या हातून घेऊन बोटांनी फिरवलं.

"वयनींनी मलाबी सांगितलेलं," ते म्हणाले. "मी बोल्लो, इन्स्पेक्टर बघतील. मंग चूक गॅरेजची हाय. एकट्याची नाय."

मग त्यांनी नवीन बेअरिंगचं खोकं माझ्यापुढे सरकवलं. वरच्या प्रतीचं होतं, सीलं दुहेरी ओठाची होती. विकायच्या गाडीला इतकं कशाला, असं मी म्हटलं. त्यांनी माप विचारलं. माझा मायक्रोमीटर तीन महिन्यांत प्रथमच डबीतून बाहेर निघाला. डावं-उजवं सील मी चार वेळा तपासलं. पाचव्यांदा पाहू लागलो तेव्हा हरीभाऊ खोकले.

शुक्रवारी गाडी कोनला न्यायची वेळ आली. मी किल्ली त्यांच्याकडे दिली. ते वळसा घालून बाजूच्या सीटवर जाऊन बसले आणि पट्टा लावून समोर बघत राहिले. सुनंदाने सीट पुढे ओढून ठेवलेली होती. मला ती मागे घ्यावी लागली. गुणगुण थांबली होती. ती थांबल्यावरच ती किती दिवस चालू होती ते मला कळलं. येताना पुढे एक लांबलचक ट्रेलर रखडत चालला होता आणि मी मुकाट्याने त्याच्यामागे राहिलो होतो. हरीभाऊंनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "वयनी असत्या तर आतापरत घरी जेवून झालं असतं." मला हसू आलं. मी ट्रेलर मागे टाकला.

परत येऊन पुठ्ठा अंथरला. शनिवारी सकाळी हरीभाऊ वाकू लागले, पण पुठ्ठा मला ओढायला सांगितला. कोरडा होता. गाडी न्यायला येणाऱ्या माणसाला मी तिथूनच फोन करून माफी मागितली. हरीभाऊंनी ते ऐकलं आणि चहा सांगितला. सोमवारी मी त्याच गाडीने कामावर गेलो आणि आजही जातो.

हरीभाऊंना आता पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. गुडघे कुरकुरतात. त्यांच्या त्या आवाजाची नक्कल आम्ही त्यांना करून दाखवतो आणि ते डोळे मिटून ऐकतात. त्यांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, ही आम्हा सर्वांची इच्छा आहे. माझी त्यात एक छोटी भर आहे. वाकणं जमत नसेल तर त्यांनी बाकावर बसावं. पुठ्ठा मी ओढीन. त्यांनी अजून पुष्कळ वर्षं रोज सकाळी "कसा हाय?" असं विचारावं, आणि "कोरडा आहे, हरीभाऊ" असं सांगायचं काम माझ्याकडे राहावं.