आत्यासाहेबांचे पाळणे आणि चेरोकी अक्षरं

धारच्या आमच्या आत्यासाहेबांना घराण्यातले सगळे पाळणे पाठ होते. घरात बारसं असलं की त्या येत, दोरी हातात घेत आणि म्हणत. लिहून मात्र कधी ठेवले नाहीत. पाळणा तोंडात असावा, कागदावर नव्हे, असं त्यांचं मत. ते मोडीत काढणारा शहाणा मी.

नव्वदच्या दशकात मी देवासच्या एका कारखान्यात होतो. घरी कॉम्प्युटर आल्यामुळे जरा हवेतच होतो. आत्यासाहेबांना मुद्दाम राहायला आणलं. त्या म्हणायच्या, मी टाइप करायचो. फॉन्ट एका छापखान्यातून मागून आणलेला. पडद्यावर आपले शब्द उमटताना पाहून त्या हरखल्या. मी ऐटीत म्हणालो, "आता निर्धास्त राहा. कॉम्प्युटर विसरत नाही." बायको म्हणाली, एक प्रिंट काढून ठेवा. तिला मी हसलो.

आत्यासाहेबांनी माझा शब्द खरा मानला. पुढे कुणी पाळणा शिकवा म्हटलं की त्या सांगत, "देवासला माझ्या भाच्याकडे आहेत सगळे. त्यानं कॉम्प्युटरात टाकून दिलेत, मग मी कशाला याद ठेवू?" हे कानावर आलं की मला भारी वाटायचं.

बऱ्याच वर्षांनी माझ्या मुलीला मुलगा झाला आणि मी ती फाइल उघडली. मशीन नवं, फॉन्ट जुन्याबरोबर गेलेला. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम, नुसता कचरा. छापखाना कधीच बंद झाला होता. ऑफिसातला सोबती म्हणाला, "भिया, कोई भी हिंदी फॉन्ट लगा लो, बन जायेगा." लावला. अक्षरं देवनागरी झाली, पण अर्थ कशालाच नाही.

फॉन्टची यादी धुंडाळताना एक नाव दिसलं, चेरोकी. अमेरिकेतल्या मूळच्या लोकांपैकी एका जमातीची ही लिपी. चिन्हांच्या तक्त्यातून मी त्यातलं एक अक्षर फाइलीत आणून ठेवलं. दिसायला थेट इंग्रजी डी, उच्चार मात्र 'अ'. गंमत म्हणून फाइलीत डी शोधायला लावला, तर कॉम्प्युटर त्या अक्षरावर थांबेचना. कारण कॉम्प्युटर अक्षरं नंबरावरून ओळखतो, आणि चेरोकीच्या प्रत्येक अक्षराला त्याचा स्वतःचा नंबर होता. रूप उसनं वाटलं तरी आत ते चेरोकीच. आमचे पाळणे नेमके उलटे. दिसायला मराठी, पण आत साठवलेली सगळी इंग्रजी अक्षरं, वरून फॉन्टनं चढवलेला मराठी मुखवटा. देवनागरीलाही आता असे नंबर मिळाले होते, पण माझी फाइल जुन्या पद्धतीची. आधी मला राग आला, मग स्वतःचीच लाज वाटली.

वाट एकच होती. एखादी ओळ पाठ असती, तर ती त्या कचऱ्याशी जुळवून एकेक अक्षर सोडवता आलं असतं. दर कडव्याच्या शेवटी तोच पुंजका येत होता, तो 'जो जो रे' असणार. त्यातून 'ज' आणि 'र' हाती लागले, दोन मात्रा लागल्या. पुढे घोडं अडलं. सगळे पाळणे माझ्याच बोटांखालून गेले होते आणि मला एक ओळ येत नव्हती.

आत्यासाहेबांना फोन करायचा धीर झाला नाही. बारशाला त्या आल्या की त्यांना आठवेलच, अशी मनाची समजूत घातली.

त्या आल्या. बायका पाळण्याभोवती जमल्या. आत्यासाहेबांनी दोरी धरली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हं, वाच रे."

"फाइल उघडत नाहीये," मी पुटपुटलो. "तुम्हीच म्हणा ना."

त्यांनी डोळे मिटले. चाल धरली, ती अगदी जशीच्या तशी. शब्द आले नाहीत. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबल्या. मग त्या माझ्या मुलीकडे वळल्या. "रागावू नकोस हो बाळ. डोकं चालत नाही माझं. चूक माझीच."

सगळ्या बायका त्यांची समजूत घालू लागल्या. मी तिथेच उभा होतो. चूक कुणाची, ते मला ठाऊक होतं.