उपाशी ठेवायचं शेत

आमच्या ह्यांच्या वाट्याला उपाशी शेत आलं, तेही नोकरी म्हणून. शेती संशोधन केंद्रात दोन शेतं शेजारी-शेजारी. एकात दरवर्षी गहू, नुसता गहू, आणि खताचा कणही घालायचा नाही. ते ह्यांच्याकडे. दुसऱ्यात एक वर्ष गहू, मग वाटाणा, मग चारा, मग पुन्हा गहू; खत तिथंही नाही. ते माझ्या धाकट्या दिरांकडे. पिकं बदलून मातीत काय फरक पडतो, हे दोन्ही शेतं ताडून मोजायचं. कित्येक वर्षं चाललं होतं म्हणे.

मोजणारे मोजोत, बघणाऱ्याला काय दिसतं? धाकट्याचा गहू कमरेला, थोरल्याचा गुडघ्याला! पाहुणे दिरांच्या शेतात फोटो काढणार आणि ह्यांना म्हणणार, "जरा बाजूला व्हा." जाऊबाईंनी तसला एक फोटो बैठकीत लावला, दारातून शिरलं की थेट डोळ्यांत. खोटं कशाला बोलू, माझाही जळफळाट व्हायचा. ह्यांना तर अन्न गोड लागेना. "मला काय शेती येत नाही?" म्हणून माझ्यावरच डाफरायचे. जसं काही मीच गव्हाची वाढ धरून बसले होते!

पेरणीच्या आधी, सगळे जेवायला गेलेले बघून ह्यांनी शेणखताच्या पाट्या शेतात पसरल्या आणि वर माती ओढली. गहू असा तरारून आला की हे शीळ घालत घरी यायला लागले.

मग प्रयोग सांभाळणाऱ्या बाई आल्या. खाली बसून त्यांनी माती उकरली, बोटांत चोळली.

"कुणी घातलं खत?"

"मी," हे म्हणाले. छाती पुढे काढून!

बाई ओरडल्या नाहीत. "आता त्या शेताची तुलना कशाशी करू?" एवढंच म्हणाल्या. प्रयोग बंद झाला. दिरांचं शेतही गेलं.

संध्याकाळी दीर घरी आले. मी भांडायला कंबर कसून उभी. ते ह्यांच्याजवळ बसले आणि म्हणाले, "दादा, एवढं लागत होतं तर बोलायचंस ना. मी शेत बदलून दिलं असतं." चहा घेतला आणि गेले.

"सुटलो बाई," मी म्हटलं, "भांडण टळलं."

हे दाराकडेच बघत होते. "दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं गं," म्हणाले. "मेला चांगलं वागण्यातही माझ्या पुढेच."