आईला लेणी दाखवायला नेलं

मुलुंडच्या आमच्या बिनलिफ्टच्या इमारतीचा पुनर्विकास एका सहीवाचून अडलाय. ती सही माझी. वडिलांनी घेतलेलं घर पाडायचं म्हटलं की मी संमतीचा कागद परत कपाटात ठेवतो. आई मात्र एका पायावर तयार. दुसऱ्याचा गुडघा गेलाय. टिकणाऱ्या गोष्टींची किंमत तिला कळावी म्हणून मी रविवारी जोगेश्वरीची लेणी दाखवायचं ठरवलं.

तिसऱ्या मजल्यावरून तिला खुर्चीत बसवून मी आणि पहिल्या मजल्यावरच्या पाटलाने उतरवलं. दम मलाच लागला. याआधी ती खाली आली होती गणपतीत.

तुम्ही जाणार असाल तर सकाळी लवकर रिक्षाने पवईमार्गे जा. मध्ये खड्डे आहेत, कंबरेला उशी घ्या. लेण्यांना तिकीट नाही. पायऱ्या मात्र आहेत, हे मला तिथे पोचल्यावर कळलं.  आईने माझा खांदा धरला आणि उतरायला लागली.

आत अंधार, गारवा आणि ठिबकणारं पाणी. मी लगेच शेकडो वर्षांवर व्याख्यान झोडलं. खरं तर खांबांची नक्षी झिजली होती आणि दारावरच्या मूर्तींना नाकं उरली नव्हती. आईचं लक्षच नव्हतं, ती गाभाऱ्यातल्या देवीची ओटी भरत होती. देवीला कोरी हिरवी साडी, समोर समई.

‘बघ, किती टिकलंय,’ मी म्हणालो.

‘दगड झिजलो रे,’ आई तिच्या मालवणीत म्हणाली. ‘दिवो मात्र पेटतासा. रोज कोणतरी तेल घालता म्हणान.’

मी मिसळ खाऊ या म्हणालो. मिसळ झकास होती. पाव कालचा असावा, माझ्या तत्त्वात अगदी बसणारा.

परतलो तेव्हा पाटील बाहेर गेला होता. आई कठडा धरून कशीबशी पहिल्या मजल्यापर्यंत चढली आणि पाटलांच्या सोफ्यावर बसली. पाटीलवहिनींनी पाणी दिलं. मी हात पुढे केला तर म्हणाली, ‘तुझी लेणी वर आसत. तू जा, मी हयच बसतंय.’

मी एकटा वर गेलो. दारावर वडिलांच्या नावाची पाटी, आत त्यांचं कपाट, सगळं जागच्या जागी होतं. फक्त आई नव्हती. मला रडू आलं, हे इथे लिहायला हरकत नाही. कपाटातून संमतीचा कागद काढला, सही केली आणि तिला आणायला खाली गेलो.