तुंब्याला धरून

आमच्या घरी व्यायामाच्या वजनाच्या दोन जुन्या प्लेटा होत्या, पण त्या अडकवायचा लोखंडी बार नव्हता. बार नसताना प्लेट उचलायची कशी? मधल्या भोकाभोवती लोखंडाचा उंच गोल काठ असतो, तो बोटांच्या टोकांनी धरून. आबा, म्हणजे माझे वडील, त्याला तुंबा म्हणायचे, बैलगाडीच्या चाकाला असतो तसा. हल्ली मोबाइलवर पोरं हेच करून दाखवतात आणि पकड वाढते म्हणून सांगतात. त्यांची ती हौस असते. आमचा नाइलाज होता.

नाइलाजाचं कारण गावची तालीम. आमची बौद्ध वस्ती तिच्यापासून हाकेच्या अंतरावर. संध्याकाळी आतले शड्डू घरात ऐकू यायचे. आबा देहूरोडच्या लष्करी डेपोत खोकी उचलायचे. त्यांना कुस्तीचं भारी वेड, पण तालमीत त्यांचं पाऊल कधी पडलं नव्हतं. मी बारा वर्षांचा झालो तेव्हा मला हाताला धरून ते तिथे गेले. दारात पंचविशीतला एक गडी उभा होता. तो म्हणाला, "आत्ता जागा न्हाई, भाऊ. फुडं बगू."

मी त्याच्या काखेखालून आत पाहिलं. लाल मातीच्या हौद्यात चार पोरं होती. पंधरा सहज मावली असती.

आबा भांडले नाहीत, याचा मला अजून राग येतो. ते "बरं" म्हणाले आणि वळले. त्याच आठवड्यात त्यांनी देहूरोडच्या भंगारवाल्याकडून या प्लेटा आणल्या, सायकलच्या कॅरिअरला बांधून, दोन दिवसांत दोन खेपा करून. एक दहा किलोची, एक वीसची. परदेशी बनावटीच्या, अक्षरं झिजलेली, परातीसारख्या खोलगट. बार पुढच्या महिन्यात आणू म्हणाले. तो महिना काही आला नाही.

मग रोज सकाळी अंगणात आमची तालीम. "तळवा लावू नगं. नुसती बोटं," आबा म्हणायचे. घाम फुटला की चुलीतली राख बोटांना लावायची. पावसाळ्याचे चार महिने लोखंडाला नुसतं पाणी सुटायचं आणि तुंबा हातातून निसटायचा. माझ्या अंगठ्याचं नख दोनदा गेलं. वीसची प्लेट जमीन सोडायला सहा वर्षं लागली. ती सुटली त्या दिवशी आबा म्हणाले, "ह्ये त्या तालमीत बी कुनाला जमायचं न्हाई." शाबासकी म्हणायची तर तीच.

आता मी आंबीच्या एका कारखान्यात लेथवर आहे, पन्नाशीला टेकलोय. आबांचे गुडघे गेलेत. दिवसभर ते खाटेवर असतात आणि प्लेटा त्यांच्या खाटेखाली, पोत्यावर. महिन्यातून एकदा मी प्लेटांना रॉकेलचं फडकं मारायचं, ते त्यांनी वरून बघायचं, असा नेम.

गेल्या दसऱ्याच्या आधी तालमीचा ट्रेनर घरी आला. तालमीची आता जिम झालीय. तो म्हणाला, "काका, तुमच्याकडं जुन्या प्लेटा हायत म्हनं? पकडीची स्पर्धा ठेवलीय. आमच्या रबरी प्लेटांना धरायला काठच न्हाई."

म्हणजे बोलावणं प्लेटांना होतं. मी म्हटलं, प्लेटा येतील, पण उचलायला मीही येईन.

आबा खाटेवरून म्हणाले, "जा. आत जाऊन ये."

दसऱ्याला मी पहिल्यांदा त्या दारातून आत गेलो. आरसे, पंखे, मोठ्ठा आवाज. दंड फुगवलेली पोरं एकेक करून पुढे आली आणि वीसच्या प्लेटेपुढे रडकुंडीला आली. माझी पाळी आल्यावर मी बोटं पुसली, तुंबा धरला आणि प्लेट गुडघ्यापर्यंत आणून तशीच धरून उभा राहिलो. टाळ्या सुरू झाल्या. माइक होता तालमीच्या अध्यक्षाच्या हातात. केस पांढरे झाले होते, तरी मी ओळखलं. दारातला तोच गडी. तो ओरडला, "आपल्या तालमीचा जुना पठ्ठ्या!"

प्लेट त्याच्या पायावर सोडावी असं वाटलं. सोडली नाही. हळू खाली ठेवली. त्याने शाल घातली, नारळ दिला, हात मिळवला. तो हात चेंगरायला मला दोन बोटं पुरली असती. मी हसलो. अडतीस वर्षं जो राग पाळला, तो एका शालीखाली गुमान बसला. वर ट्रेनर म्हणाला, "काका, प्लेटा हितंच राहू द्या की. काचेत ठेवू, नाव लिहू. जागा लय हाय." आणि मी मान डोलावली. मोठेपणा चढला होता, दुसरं काय.

घरी आलो तर आबा वाट बघत बसलेले. शालीला त्यांनी हातही लावला नाही.

"माती कशी हाय रं? मऊ हाय? तेल, ताक घालत्यात का अजून?"

"माती न्हाई आता, आबा. रबर टाकलंय."

मग त्यांचं लक्ष माझ्या रिकाम्या हातांकडे गेलं.

"प्लेटा कुटं हायत?"

"तितंच ठेवल्या. जागा लय हाय म्हनले."

आबांनी वाकून खाटेखालचं पोतं ओढून घेतलं आणि मांडीवर ठेवलं. त्याच्यावर गंजाचे दोन गोल उमटलेले होते.

"मला जागा न्हवती, तुला न्हवती," ते म्हणाले. "लोखंडाला झाली व्हय?"

मी शालीची घडी घालत बसलो.