लघवीला घाबरणारा कप्तान

बंदरावरच्या सगळ्यात उंच क्रेनच्या केबिनमध्ये बसायचा म्हणून त्याला सगळे कप्तान म्हणत. अंगाने दांडगा, तोंडाने फटकळ. मालाने भरलेली लोखंडी पेटी तो अशी खाली ठेवायचा की आवाजसुद्धा होऊ नये. घरी मात्र गळका नळ दुरुस्त करायला बायकोला त्याच्या मागे लागावं लागे.

पंचेचाळिशीत त्याला एक विचित्र दुखणं लागलं. लघवी झाली की मिनिटभरात डोक्यात घण पडायला लागायचे, छाती धडधडायची, घामाने सदरा पाठीला चिकटायचा. थोड्या वेळात सगळं शांत. आधी त्याने पित्तावर ढकललं. मग लक्षात आलं, हे फक्त लघवीनंतरच होतं. पण सांगणार कुणाला? कामावरच्या मंडळींनी चेष्टा करून जीव नकोसा केला असता. शिवाय असा झटका येतो हे साहेबांच्या कानावर गेलं की केबिन गेलीच. त्याने पाणी तोडलं आणि कामाची पाळी संपेपर्यंत तो लघवी तुंबवून ठेवायला लागला.

एका दुपारी ते जमलं नाही. केबिनमध्येच त्याने बाटलीत लघवी केली आणि लगेच पेटी उचलली. पेटी हवेत असतानाच डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. खाली माणसं उभी होती. त्याने ब्रेक लावला, वॉकीटॉकी तोंडाशी धरला आणि म्हणाला, "खालचे सगळे बाजूला व्हा. का ते विचारू नका." पेटी तशीच लटकत राहिली. अंधारी ओसरल्यावर त्याने ती हळूहळू उतरवली. मग त्याचं लक्ष बाटलीकडे गेलं. आत लालभडक पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी तो हॉस्पिटलात दाखल झाला. सोनोग्राफीत मूत्राशयाच्या भिंतीत गाठ दिसली. दुर्बीण घालून ती खरवडून काढायची, असं ठरलं. नर्स येऊन रक्तदाब बघायची, तो जेमतेम वाढलेला असायचा. काळजीसारखं काही नाही, असं सगळ्यांना वाटलं.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मूत्रविकारांच्या डॉक्टर बाई तपासायला आल्या. जाता जाता त्यांनी विचारलं, "आणखी काही त्रास?"

"काही नाही," कप्तान म्हणाला.

"काही नाही काय?" बायको उसळली. "डॉक्टर, हे बाथरूममधून आले की चेहरा पांढराफटक पडलेला असतो. भिंत धरून उभे राहतात. विचारलं तर माझ्यावरच खेकसतात."

डॉक्टर बाई दारातून परत फिरल्या. "दर वेळी? लघवीनंतरच?"

कप्तानाने मान खाली घालून होकार दिला.

त्यांनी नर्सला बोलावलं. लघवीला जाण्याआधी रक्तदाब मोजला, एकशे चाळीस. तो आत गेला. बाहेर आला तो घामाने निथळत. पुन्हा पट्टा बांधला. नर्सने आकडा दोनदा वाचला. दोनशे तीस.

"उद्याचं ऑपरेशन रद्द," डॉक्टर बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज शांत होता, पण हातातलं पेन थांबत नव्हतं. "घाबरल्यावर शरीर रक्तात एक रस सोडतं. तुमची गाठ तोच रस बनवते. मूत्राशय आवळलं की ती पिळली जाते. उद्या मी ती नुसती खरवडायला घेतली असती, तर तुम्ही टेबलावरच हातचे गेला असता."

कप्तानाने दंडावरचा पट्टा सोडला. मग म्हणाला, "म्हणजे मी भित्रा नाही?"

"नाही हो. ती गाठ तुम्हाला घाबरवते."

रक्ताच्या आणि लघवीच्या तपासण्यांनी तेच सांगितलं. मग रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. उभं राहिलं की गरगरायचं, नाक चोंदायचं. भरपूर पाणी प्यायचं, मीठही कमी करायचं नाही, असा हुकूम होता. ज्याने पाणी तोडलं होतं तो आता तांब्यामागून तांब्या रिचवत होता आणि प्रत्येक वेळी बाथरूमकडे जाताना बायकोचा हात घट्ट धरत होता.

ऑपरेशनच्या दिवशी पोट उघडून गाठीपर्यंत पोचताच भूलतज्ज्ञ म्हणाले, "थांबा. दाब चढतोय."

डॉक्टर बाईंनी हात उचलले. शिरेतून औषध गेलं. आकडा उतरला. पुन्हा स्पर्श, पुन्हा "थांबा". असं किती वेळा झालं ते कुणी मोजलं नाही. गाठीची शेवटची शीर बांधली, रस थांबला आणि दाब उलटा कोसळला. आता शिरेतून सलाईन वेगाने सोडावं लागलं. पडद्यावरचा आकडा स्थिर होईपर्यंत भूलतज्ज्ञ तो मोठ्याने सांगत राहिले. बाहेर बायको पदराचं टोक पिळत बसली होती.

तो वाचला. लघवीची नळी काढल्यावर पहिल्यांदा बाथरूममध्ये गेला तेव्हा बायकोने दार उघडंच ठेवायला लावलं.

"काय होतंय?" तिने विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला, आणि या वेळी ते खरं होतं.

पण डॉक्टर बाईंनी घरी सोडताना एक नवीन काळजी दिली. असल्या गाठी कधीकधी घराण्यात उतरतात. त्याच्या रक्ताच्या तपासणीत तसा दोष निघाला होता. भावंडांना तपासायला हवं होतं. वडील तरुणपणीच अचानक कोसळून गेले होते, आणि मोठ्या ताईचा रक्तदाब गोळ्या बदलून बदलून ताब्यात येत नव्हता.

ताईने ऐकूनच घेतलं नाही. "तुझं दुखणं तुझ्यापाशी. मला कापायला निघालास होय?"

जखम पुरती भरली नव्हती तरी कप्तान जिना चढून तिच्या घरी गेला. भाच्यांसमोर, ताईच्या नवऱ्यासमोर आणि जावयासमोर त्याने सगळं सांगितलं, बाटलीसकट. जावयाने मान फिरवली. ताई ओरडली, "अरे, काही लाज?"

"लाजेपायी खालच्या माणसांवर पेटी पडली असती," तो म्हणाला. "बाबांना कुणी विचारलंच नाही, त्यांना काय होत होतं ते. मी तुला विचारतोय. डोकं कधी दुखतं तुझं?"

ताई रागाने आत निघून गेली. भांड्यांची आदळआपट ऐकू आली. मग चप्पल घालून बाहेर आली.

तिच्या किडनीच्या वरच्या बाजूला तोच रस बनवणारी गाठ सापडली, लिंबाएवढी. तिचंही ऑपरेशन त्याच डॉक्टर बाईंनी केलं आणि तीही वाचली. ते चालू असताना कप्तान बाकावर बसलाच नाही. दारापासून खिडकीपर्यंत येरझारा घालत राहिला, आणि ताईचा नवरा त्याच्या मागोमाग.