एक जूनची मुलं आणि माझी पॉलिसी

"आई, समुद्र तर तुला रोज दिसतो. त्यासाठी सिंगापूरला कशाला जायचं?" मुलगा फोनवर म्हणाला.

"दिसतो. पण आत कुठे जाता आलंय?" मी म्हटलं.

मुलगा पुण्याला असतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या छातीत स्टेंट बसवला तेव्हापासून तो माझा मुलगा कमी आणि पालक जास्त झाला आहे. साठी बुद्धी नाठी, असंही त्याने हसत ऐकवलं. मी सहासष्टची आहे, म्हणजे बुद्धी जाऊन सहा वर्षं झाली, आता काळजीचं कारण उरलं नाही, असं म्हणून मी फोन ठेवला. टूर कंपनीचे पैसे आदल्याच दिवशी भरले होते. चार रात्री बोटीवर, दिवाळीनंतर.

माझं माहेर वाढवणचं. वडिलांची होडी होती. भाऊ दहा-अकरा वर्षांचे झाले की होडीत जायचे आणि मी किनाऱ्यावर मासे निवडत बसायची. आमच्या घरात बाईमाणसाने होडीत पाय ठेवायचा नाही, हा कायदाच होता. "बायकांचं होडीवर काय काम?" एवढंच उत्तर मिळायचं. नऊ वर्षांची असताना एकदा ओहोटीला वाळूत टेकलेल्या होडीत मी चढले आणि वल्हं हातात धरून बसले. वडिलांनी मला खाली उतरवलं, नारळ फोडला आणि होडी धुऊन काढली. त्यांनी मला मारलं असतं तरी मी विसरून गेले असते. होडी धुतलेली मी विसरले नाही.

पुढे मी शिक्षिका झाले आणि नोकरी मिळाली ती तलासरीच्या डोंगरातल्या पाड्यांवर. लग्न करून डहाणूजवळ मसोलीत आले. समुद्र हाकेच्या अंतरावर, पण तो नवऱ्याबरोबर संध्याकाळी किनाऱ्यावर भेळ खाण्यापुरता. नवरा चार वर्षांपूर्वी गेला. आता ही सहल मला हवी होती, आणि का हवी ते कुणाला समजावून सांगायची माझी तयारी नव्हती.

टूर कंपनीची अट एकच होती. विमा नसेल तर बोटीवर चढता येणार नाही. मुलाने ते ऐकलं आणि तो निर्धास्त झाला. "स्टेंटवाल्या बाईला कोण विमा देणार? बसशील मग गप्प घरी." त्याने काळजीने म्हटलं असेल, पण मला ते होडी धुतल्यासारखंच लागलं.

डहाणू रोड स्टेशनबाहेर एका झेरॉक्सच्या दुकानातच विमा एजंटचं ऑफिस आहे. हा एजंट माझा विद्यार्थी, मी शिकवलेल्या अगदी पहिल्या वर्गातला. आता पन्नाशीला आला आहे, केस रंगवतो, तरी मला बघून खुर्चीतून उठतो. मी गेले तेव्हा त्याने पंखा माझ्याकडे वळवला, चहा मागवला आणि तीन पॉलिस्या समोर ठेवल्या.

"ही घ्या बाई, गोल्ड. सगळ्यात स्वस्त."

मी चष्मा लावून बारीक अक्षरं वाचायला लागले. तीस वर्षं परिपत्रकं वाचलेल्या बाईला बारीक अक्षरांची भीती कसली? गोल्डमध्ये बॅग हरवली तर भरपाई होती, विमान चुकलं तर होती. पण भर समुद्रात कुणी आजारी पडलं तर किनाऱ्यावरच्या दवाखान्यात न्यायचा खर्च नव्हता. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. दुसरीत दवाखान्यात न्यायचा खर्च होता, पण बोटीवरून नव्हता, फक्त विमान आणि हॉटेलमधून. तिसरीत बोटीवरचा डॉक्टर, बोटीतून हलवणं, आजारपणामुळे खोलीत अडकून पडणं, सगळं लिहिलेलं होतं.

"ही," मी म्हटलं.

त्याने कॉम्प्युटरवर फॉर्म उघडला. नाव, पासपोर्ट, जन्मतारीख. माझी तारीख पक्की आहे. माझा जन्म दवाखान्यातला. मग 'आधीचे आजार' असा रकाना आला. मला न विचारताच त्याने 'नाही' वर टिचकी मारली.

"अरे, स्टेंट आहे मला. ब्लडप्रेशरची गोळी आहे."

"माहितीये बाई. पण लिहिलं तर फाइल वर जाते, रिपोर्ट मागतात, कधीकधी सरळ रिजेक्ट. टेन्शन नका घेऊ. सगळे असंच भरतात."

माझं डोकं फिरलं. आयुष्यभर पाठ केलेलं भाषण मी त्याला तिथेच दिलं. कागदावर खोटं लिहायचं नाही. उद्या समुद्रात काही झालं तर हाच खोटा कागद माझ्या तोंडावर मारतील. आणि मला चोरून बोटीवर चढायचंच नाही. चढेन तर छाती पुढे काढून, स्टेंटसकट चढेन. शेजारी झेरॉक्सच्या गठ्ठ्यावर पिन मारणारा माणूससुद्धा थांबून ऐकत होता.

एजंटने सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाला, "बाई, माझी जन्मतारीख काय आहे?"

मी चष्मा काढला.

"एक जून," तो म्हणाला. "आपल्या वर्गात आम्ही बावीस पोरं. सगळी एक जूनची."

आमच्या भागात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पाड्यावरचे आईबाप मुलाला शाळेत घेऊन यायचे तेव्हा तारीख कुणाला माहीत नसायची. रजिस्टरला तर तारीख हवी असायची. शाळा जूनमध्ये उघडते, म्हणून एक जून. मूल सहा वर्षांचं भरत नसेल तर साल मागचं टाकायचं, म्हणजे पटावर एक नाव वाढतं. सगळेच शिक्षक असं करायचे. मीही बावीस-तेवीस वर्षांची, नवीन नोकरी, भराभर लिहीत सुटले.

"माझी आय तुम्हाला सांगत होती," तो म्हणाला, "नागली कापत होतो तवा झाला म्हणून. म्हणजे कार्तिक. तुम्ही मला पाच महिने मोठा केलात. शेवटच्या पोलीस भरतीला मी वयाच्या अटीत तीन महिन्यांनी बाद झालो. तिथला साहेब म्हणाला, कागद बोलतो."

त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी फळ्यावर किती वेळा लिहिली असेल! मला लाज वाटली, आणि ती लपवायला मी चहाचा कप उचलला तर तो रिकामा होता.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "मी तुझ्या आईचं ऐकून लिहायला हवं होतं."

"जाऊ द्या बाई. बोलायचं होतं, बोललो. आता काय करू, 'नाही'च ठेवू?"

खरं सांगायचं तर एक क्षण वाटलं, ठेव. याला उपदेश करायचा हक्क मी गमावला होता, आणि खरं लिहून नकार आला तर चार रात्री गेल्या, मुलगा जिंकला, होडी पुन्हा धुतली गेली. पण त्या रजिस्टरचं मला आता काही करता येत नव्हतं. या फॉर्मचं येत होतं.

"'हो' कर," मी म्हटलं. "स्टेंटची तारीख सांगते, ती घाल. गोळीचं नावही घाल. नाही म्हणाले तर दुसरी कंपनी. तीही नाही म्हणाली तर तिसरी."

त्याने 'हो' केलं. फाइल वर गेली, रिपोर्ट मागितले, डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. पहिल्या कंपनीने नकार दिला. मुलाला मी कळवलंच नाही. दुसऱ्या कंपनीसाठी एजंट स्वतः माझ्याबरोबर डॉक्टरांकडे आला आणि त्याने चिठ्ठीतला एकेक शब्द तपासून घेतला. तीन आठवड्यांनी पॉलिसी आली. हप्ता जास्त होता, पण हृदयाचं अचानक काही झालं तर तेही त्यात होतं. मुलाला मी फक्त तिचा फोटो पाठवला. त्याने अंगठा पाठवला.

सिंगापूरला बंदरावर कागद तपासणारी मुलगी पॉलिसी पाहून हसली आणि तिने मला आत सोडलं. मी डेकवर आले. पायाखाली बोट होती आणि मला कुणी खाली उतरवलं नाही. अजून रेंज होती, म्हणून मी एजंटला मेसेज लिहिला: "नागलीची कापणी चालू असेल. वाढदिवसाच्या शुभेच्छा. उशीर झाला."

बोट हलली तेव्हा उत्तर आलं: "कार्तिकात पहिल्यांदाच कुणी दिल्या, बाई. पॉलिसी पर्समध्ये आहे ना?"

होती. त्यात माझ्याबद्दल लिहिलेलं सगळं खरं होतं.