विलासच्या वाटणीचा स्टाऊट

शांतिसेनेत आमची बटालियन लेबनॉनला गेली, तेव्हा मी हवालदार होतो. दक्षिणेकडच्या एका टेकडीवरची पोस्ट माझ्याकडे होती. वाळूच्या पोत्यांच्या भिंती, एक टॉवर, एक रेडिओ रूम, एक कुकहाउस. रेडिओवर नायक सुधाकर मेश्राम. भंडाऱ्याकडचा, बौद्ध कुटुंबातला, घराण्यात फौजेत गेलेला पहिलाच. पाण्याच्या गाडीवर लान्स नायक विलास जगताप. तो सासवडच्या पुढच्या एका वाडीचा. गाडी चालवताना गायचा आणि फार वाईट गायचा.

शांतिसेना म्हटलं की लोकांना वाटतं, निळी टोपी घालून हिंडायचं आणि डॉलर घेऊन यायचं. सदाशिव पेठेतल्या एका गृहस्थांनी मला एकदा विचारलं, "म्हणजे आपण तिथे नेमकं करत काय होतात?" मी म्हणालो, "पाणी भरत होतो." ते हसले. मी खरं तेच सांगितलं होतं.

पोस्टवर पाणी नव्हतं. रोज सकाळी विलास टँकर घेऊन खालच्या विहिरीवर जायचा. टँकर भरला की रेडिओवर कळवायचा. टॉवरवरून रस्ता पाहिला जायचा, मेश्राम "निघा" म्हणायचा, मगच गाडी हलायची. क्लिअरन्सशिवाय चाक फिरवायचं नाही, ही स्टँडिंग ऑर्डर होती. ऑर्डर माझीच होती आणि आजही मी तीच देईन.

शेजारच्या टेकडीवर आयरिश तुकडी होती. त्यांना आमच्या पुऱ्या आणि छोले फार आवडायचे. बदल्यात ते काळ्या बीअरचे डबे द्यायचे. आयरिश स्टाऊट म्हणतात तो हाच. बडाखान्याच्या, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र जेवणाच्या दिवशी माणशी एक, अशी परवानगी होती. विलासनं पहिला घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"लई कडू हाय, उस्ताद. काढा हाय ह्यो."

मग डबा पूर्ण संपवला आणि माझ्या डब्याकडे पाहत बसला.

त्यांचा कॉर्पोरल शॉन यावर चिडायचा. म्हणायचा, डब्यातला स्टाऊट हा स्टाऊटच नव्हे. तो नळाचा हवा. ग्लास थोडा भरायचा, थांबायचं, फेस खाली बसून वर येऊ द्यायचा, मग उरलेला भरायचा. मधे घाई केली की सगळं बिघडलं. विलास हे सगळं तोंड उघडं टाकून ऐकायचा. पुण्याला गेलो की आपण तिघांनी, म्हणजे तो, मेश्राम आणि मी, नळाचा स्टाऊट प्यायचा, असं त्यानं ठरवूनच टाकलं. त्या काळी पुण्यात नळाला पाणी येण्याची मारामार होती.

आता रेडिओबद्दल थोडं सांगतो, कारण पुढचं त्यावर आहे. 'ओव्हर' म्हणजे माझं बोलणं झालं, आता तू बोल. 'आउट' म्हणजे बोलणं संपलं. 'वेट, आउट' म्हणजे थांब, मी तुला पुन्हा बोलावतो. सिनेमात 'ओव्हर अँड आउट' म्हणतात. ते ऐकलं की मेश्राम चॅनेल बदलतो. प्रोसिजरमध्ये चुकलेला मेश्राम मी कधी पाहिला नव्हता. झोपेतून उठवला तरी कॉल साइन, म्हणजे ज्याचं त्याचं रेडिओवरचं नाव, बरोबर यायचा.

त्या सकाळी मी टॉवरवर होतो. आकाश स्वच्छ होतं. रेडिओ रूमचा दरवाजा उघडा होता आणि मला सगळं ऐकू येत होतं.

"चार्ली थ्री. पाणी भरलं. निघू का? ओव्हर."

त्याच वेळी कंपनी हेडक्वार्टर दुसऱ्या सेटवर आलं. त्यांना पोस्टवरच्या ब्लँकेटांचा आकडा हवा होता, ताबडतोब.

"चार्ली थ्री, वेट, आउट," मेश्राम म्हणाला आणि आकडा द्यायला वळला.

विलास थांबला. इंजिन बंद करून गाडीजवळ उभा राहिला, कारण तशी ऑर्डर होती. मग पलीकडच्या डोंगरावरून गोळे सुटले. ते आमच्यासाठी नव्हते. दोन बाजूंचं आपसातलं भांडण होतं. त्यातला एक विहिरीजवळ पडला.

मी खाली पोचलो तेव्हा टँकरला भोकं पडली होती आणि पाणी रस्त्यावरून वाहत होतं. विलास गेलेला होता. मला अजूनही नळ उघडा राहिलेला सहन होत नाही. घरचे म्हणतात, म्हातारा पाण्यावरून कटकट करतो.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. मेश्रामची प्रोसिजर शंभर टक्के बरोबर होती, असं लेखी ठरलं. कुणी चूक काढली असती तर तो भांडला तरी असता.

आमच्या कंपनीत एक रिवाज होता. गेलेल्या जवानाच्या दिवशी त्याच्या वाटणीचा पेग भरायचा. तो ओतून टाकायचा नाही. त्याच्या सेक्शनच्या माणसांनी सावधान उभं राहून वाटून प्यायचा. जवानाचं रेशन वाया जाऊ द्यायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर मी पुण्यात आलो, वारज्यात फ्लॅट घेतला आणि हिंजवडीच्या एका आयटी कंपनीत सिक्युरिटी ऑफिसर झालो. मेश्राम माझ्या मागून आला, दोन इमारती सोडून राहिला आणि दुसऱ्या कंपनीत लागला. विलासच्या दिवशी आम्ही माझ्या गॅलरीत रम घ्यायचो. तीन ग्लास. तिसरा अर्धा अर्धा. प्यायच्या आधी मेश्राम हळू आवाजात म्हणायचा, "चार्ली थ्री, निघा. ओव्हर." मग थोडं थांबायचा. मी गॅलरीबाहेर पाहायचो.

नंतर पुण्यात पब आले. आयटीतल्या पोरांच्या हातात पगार आला आणि कोरेगाव पार्क, बाणेर, जिकडे पाहावं तिकडे बीअर बनवायची तांब्याची पिंपं दिसू लागली. एके ठिकाणी आयरिश पद्धतीचा स्टाऊट नळाचा मिळतो, असं मला आमच्याच कंपनीतल्या एका मुलानं सांगितलं. आयर्लंडची पद्धत आणि खडकवासल्याचं पाणी. पण फेस खाली बसून वर यायचा, हे मी स्वतः पाहून आलो. त्या वर्षापासून विलासचा दिवस आम्ही तिथे पाळू लागलो. भर दुपारी, कोपऱ्यातलं टेबल, कडक इस्त्रीचे शर्ट. आजूबाजूची पोरं आम्हाला कुणाचे तरी हरवलेले वडील समजत असावीत.

मग मेश्रामला साखर निघाली.

डॉक्टर सदाशिव पेठेतले. त्यांनी त्याला इन्शुलिन दिलं आणि लो-कार्ब डाएट दिला. पोळी बंद, भात बंद, बटाटा बंद. अंडी, पनीर, भाज्या, मासे चालू. वर म्हणाले, "आपण फौजेत होतात ना? मग पोळीला शत्रू समजा." डॉक्टरांनी गंमत केली. मेश्रामनं ती ऑर्डर समजली. लग्नाच्या पंगतीत हा माणूस वाटीभर कोशिंबीर घेऊन ताठ बसायचा. त्याची मुलगी प्रज्ञा आयटीत आहे. तिनं फोनवर सगळ्या पदार्थांचे कार्ब काढून ठेवले होते. स्टाऊटचं तिला काही माहीत नव्हतं. विलासचंही माहीत नव्हतं. बाप वर्षातून एकदा काकांबरोबर जेवायला जातो, एवढंच तिला ठाऊक होतं.

त्या वर्षी पबमध्ये शिरताना मी विचारलं, "डाएटचं काय?"

"बंदोबस्त केला, उस्ताद. स्टाऊटमध्ये कार्ब असते ना, म्हणून सकाळपासून काहीच नाही खाल्लं. जागा करून ठेवली."

"आणि इन्शुलिन?"

"ते घेतलं ना. ते तर टायमावरच घ्यायचं. मी ऑर्डर पाळून राहिलो."

मला ते ठीक वाटलं. शिस्तीचा माणूस आहे, असंच मनात आलं.

ग्लास आले. तीन. आम्ही आपापला घेतला. विलासचा मधे. मेश्रामचा अर्धा झाला असेल. एसी गारठून टाकत होता, तरी त्याच्या कपाळावर घाम आला. त्यानं रुमाल काढला आणि तो हातातच धरून बसला. मग तिसऱ्या ग्लासकडे पाहून बोलू लागला.

"निघा. निघा ना. ओव्हर. निघा."

आवाज मोठा होता. शेजारच्या टेबलावरची मुलं वळली. मी त्याच्या हातावर हात ठेवला. हात थंड आणि ओला होता. इतक्या वर्षांचं आज बाहेर पडतंय, पडू दे, असं मला वाटलं.

मॅनेजर आला. तरुण, काळा शर्ट.

"सर, अंकलना जरा जास्त झालीये बहुतेक. मी कॅब बोलावू का?"

"अर्धा ग्लास झालाय त्यांचा."

"सर, पण बाकीचे गेस्ट..."

तेवढ्यात मेश्राम परत बोलला. "अल्फा वन, निघा. ओव्हर."

मी ताठ झालो. अल्फा वन कंपनी हेडक्वार्टर होतं. विलास चार्ली थ्री. मेश्राम रडला असता, ओरडला असता, टेबल उलथवलं असतं. विलासचा कॉल साइन त्याच्या तोंडून चुकला नसता.

मी त्याच्या समोर तोंड नेलं आणि रेडिओवर बोलतात तसं बोललो.

"मेश्राम, रेडिओ चेक. रिपोर्ट माय सिग्नल. ओव्हर."

माझा आवाज कसा येतोय, असं विचारणं ते; याला उत्तर ठरलेलं असतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि काहीच म्हटलं नाही. मी कोण, हे त्याला कळत नव्हतं. मी फार घाबरलो. पोस्टवर गोळे पडत असताना मी इतका घाबरलो नव्हतो.

"साखर आणा," मी मॅनेजरला म्हणालो.

"सर?"

"साखर! दारू नाही चढलेली. इन्शुलिन घेऊन उपाशी आलाय हा. साखर उतरलीये. पळा!"

तो मुलगा पळाला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. कॉकटेलमध्ये घालतात तो साखरेचा पाक घेऊन आला. मेश्राम तोंड उघडेना. लो-कार्ब. शुद्ध निम्मी हरपली होती, तरी गोड नको म्हणून ओठ मिटून घेतले होते. असला डाएट पाळणारा रोगी डॉक्टरांना पुन्हा मिळायचा नाही.

मी उभा राहिलो आणि परेडच्या आवाजात ओरडलो, "नायक मेश्राम! तोंड खोल! हुकूम आहे!"

त्यानं तोंड उघडलं. मी चमच्यानं पाक घातला. त्यानं गिळला. आणखी घातला. मॅनेजर ग्लास धरून उभा होता. थोड्या वेळानं मेश्रामनं आपल्या शर्टाकडे पाहिलं. तिथे पाक सांडला होता.

"उस्ताद, हे काय करून राहिले तुम्ही?"

मी खाली बसलो.

प्रज्ञाला मीच फोन केला. ती हिंजवडीहून आली, गळ्यात कंपनीचं कार्ड तसंच. वाटेत तिनं डॉक्टरांशी बोलून घेतलं होतं. आल्या आल्या बापाचं बोट टोचून साखर पाहिली. मग मशीन बॅगेत टाकलं आणि आमच्यावर तुटून पडली.

"बाबा, फास्टिंग करून बीअर? सीरियसली? आणि काका, तुम्ही समोर बसून बघत होतात? काही झालं असतं म्हणजे? आजपासून हे टोटली बंद."

मेश्राम खाली मान घालून ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "विलासचा राहिला."

"कोण विलास?"

मी सांगितलं. टँकर, विहीर, ब्लँकेटं, वेट, आउट, शेवटी ग्लासाचा रिवाज. जेवढं झालं तेवढंच सांगितलं. मेश्राम टेबलाकडे पाहत होता. प्रज्ञा उभी होती ती खुर्चीवर बसली. मग बापाकडे वळली.

"म्हणून तुम्ही कधी कोणाला थांब म्हणत नाही," ती म्हणाली. "मी लहानपणी शाळेत जाताना दप्तर विसरले तरी म्हणायचात, निघ, निघ, मी आणून देतो."

हे मलाही माहीत नव्हतं. मेश्रामच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यानं ते पुसलं नाही. मलाही आवरलं नाही. फौजेतली माणसं रडत नाहीत, असं सांगणारी माणसं फौजेत नसतात.

विलासचा ग्लास मधे तसाच होता. फेस बसून गेला होता. मेश्रामनं त्याकडे हात नेला, तसा प्रज्ञानं तो धरला.

"तुम्ही नाही. वाया जाऊ द्यायचा नाही, हाच रूल आहे ना?"

तिनं ग्लास उचलला. आम्ही दोघं उठून उभे राहिलो. मेश्राम हलत होता, मी त्याला दंडाला धरलं. अर्धा ग्लास ती प्यायली. आधी कधी प्यायलेली नव्हती, ते दिसतच होतं.

"शी! किती कडू आहे."

मेश्राम माझ्याकडे पाहून हसला. मी उरलेला अर्धा प्यायलो.

आता नियम बदलले आहेत आणि ते प्रज्ञा ठरवते. विलासच्या दिवशी मेश्राम सकाळी तिच्यासमोर बसून जेवतो, ज्वारीच्या भाकरीसकट. डॉक्टरांनी तेवढी मंजूर केली आहे. पबमध्ये दोनच ग्लास येतात, एक माझा आणि एक विलासचा. मेश्राम सोडा घेतो. विलासच्या ग्लासातला एक घोट त्याचा, बाकीचा प्रज्ञा आणि मी. तो काळा शर्टवाला मॅनेजर ग्लास स्वतः भरतो. अर्ध्यावर थांबतो, फेस वर येईपर्यंत वाट पाहतो. त्याला ते सांगावं लागत नाही.

ग्लास टेबलावर आला की मेश्राम म्हणतो, "चार्ली थ्री, रस्ता क्लिअर. निघा. ओव्हर."

मग आम्ही थांबतो. एकदा प्रज्ञानं घरी परतताना मला हळूच विचारलं, "काका, बाबा 'आउट' कधी म्हणणार?"

मी म्हणालो, "म्हणणार नाही."

लान्स नायक विलास जगताप. मुक्काम सासवडच्या पुढची वाडी. पाण्याच्या ड्युटीवर होता, ऑर्डरप्रमाणे थांबला होता.